धाप कुणाच्या खात्यावर?

रायपूरला लागून असलेल्या सिलतरा-उरल्यात स्पंज आयर्नच्या कारखान्यांच्या फाटकावर गाड्यांचे नंबर टिपणारे अनेक गार्ड माजी फौजी असतात. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो, मुलांची शिक्षणं अर्ध्यावर असतात, म्हणून दुसरी नोकरी धरतो. फाटकावरच्या नोंदवहीवर काळी पूड बसते. तीच त्याच्या छातीतही जाते.

पुढे कधीतरी जिना चढताना धाप लागते. डॉक्टर विचारतात, 'बीडी पीते हो?' मग थुंकी टीबीसाठी तपासायला जाते. फौजेत कुठे कुठे होतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानची धूळ खाऊन आलेला असेल; 2013 मध्ये महार रेजिमेंटची पलटण तिथेच होती. किंवा काँगोतल्या गोम्यात, न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहिला असेल.

इराक-अफगाणिस्तानात अमेरिकी तळांवरचा कचरा खड्ड्यांत जाळला जायचा. त्या धुराने आजारी पडलेल्यांनी वर्षानुवर्षं भांडून 2022 मध्ये कायदा पदरात पाडून घेतला. आता तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत नाव असलेल्या माजी सैनिकाला किमान पाच वर्षांतून एकदा विचारलं जातं: नोकरीत कोणता धूर, कोणती विषारी द्रव्यं अंगावर आली? असा प्रश्न विचारायला आपल्याला कोणता खर्च येतो?

माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना, ईसीएचएस, 2003 पासून आहे. रायपुरात तिचं पॉलिक्लिनिक आहे, एम्सही आहे. अडचण आहे ती आजाराचं मूळ दाखवण्याची. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे जडला, तर तो नोकरीमुळेच असं साधारणपणे धरावं. पण हा आधार मुख्यतः फौज सोडतानाच कागदावर आलेल्या आजाराला मिळतो. दहा वर्षांनी लागलेल्या धापेने कागद कुठून आणायचा? कारखाना म्हणेल फौजेतून आणली, फौज म्हणेल कारखान्यात लागली.

म्हणून परदेशी मोहिमेवरून परतलेल्या प्रत्येकाची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकीतून श्वास मोजणारी चाचणी, व्हावी आणि फौज सोडताना पुन्हा व्हावी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि 'और फूंको, और!' असं ओरडणारा तंत्रज्ञ. काही मिनिटांचं काम. एक्स-रे स्वच्छ असूनही श्वासनळ्या आक्रसलेल्या असू शकतात. स्पायरोमेट्रीतूनही काही आजार निसटतात, म्हणून धाप कायम असेल तर पुढची तपासणी हवीच. पण पहिला आकडा जवानाच्या कागदपत्रांत, त्याच्याच हाती द्या. सिलतऱ्याच्या फाटकावर उभा राहण्याआधी.