सातव्या पिढीचा संगणक आणि मोठा पडदा

मोठ्या कामाला मोठंच यंत्र लागतं, ही मराठी मध्यमवर्गाची पक्की समजूत आहे. भिंतीवर फोर-के टीव्ही चढला आणि त्याला संगणक जोडायचं ठरलं, की कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या भाच्याला फोन जातो आणि भाचा सांगतो, "आय सेव्हन घ्या." का, ते विचारायचं नसतं. तीन आणि पाचापेक्षा सात मोठा, एवढं गणित सगळ्यांना येतं. मग त्या आय सेव्हनला शोभेल असं ग्राफिक्स कार्ड, कार्डाला पुरेल असा पॉवर सप्लाय आणि हे सगळं मावेल असं कॅबिनेट येतं. कॅबिनेटच्या एका बाजूला काच असते आणि आत रंग बदलणारे दिवे. सिनेमासाठी खोलीत अंधार करायचा आणि त्या अंधारात हे दिवे बघत बसायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब आपण स्वयंपाकघरात कधी चालवून घेत नाही, दिवाणखान्यात मात्र हौसेने करतो. माझं म्हणणं असं, की मोठ्या पडद्यावर उत्तम चित्र दाखवणारा संगणक अगदी किरकोळ असू शकतो, आणि बहुतेक वेळा तो कुठल्यातरी ऑफिसने नुकताच मोडीत काढलेला असतो.

आता आकड्यांकडे वळू. फोर-के चित्र म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका चित्राचे २५ एमबी होतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं सरकतात, म्हणजे ६०० एमबी. या दराने अडीच तासांचा सिनेमा पाच हजार जीबी ओलांडून जातो. तरीही नेटफ्लिक्स म्हणतं, की फोर-केला १५ एमबीपीएसचं इंटरनेट पुरे, म्हणजे सेकंदाला दोन एमबीसुद्धा नाहीत. सहाशेचे दोन करण्याची ही करामत कोडेक करतात: २००३ मधला एच.२६४, २०१३ मधले एचईव्हीसी आणि व्हीपी९, २०१८ मधला एव्ही१. त्यांची युक्ती तशी साधी आहे. नायिका अर्धा मिनिट रडत असेल तर तिच्यामागची भिंत तेवढ्यात काही हलत नाही. मग ती भिंत दर चित्रात नव्याने कशाला पाठवायची? एकदा पाठवायची आणि पुढे फक्त अश्रूंचा हिशेब द्यायचा. आपल्या दैनंदिन मालिका तर या तंत्राला फारच मानवत असणार. त्यांत भिंतही हलत नाही आणि कथानकही.

हे दाबून बसवलेलं चित्र पुन्हा उलगडणं, एवढंच आपल्या संगणकाचं काम. ते दोन प्रकारे होतं. एकतर मुख्य प्रोसेसर स्वतः गणितं करत बसतो. त्याचे सगळे कोअर राबतात आणि पंखा किंचाळायला लागतो. नाहीतर ग्राफिक्सच्या चिपमध्ये याच कामासाठी कोरलेला एक छोटासा भाग असतो, तो डीकोडर हे काम करतो. लग्नघरात फक्त उकडीच्या मोदकांसाठी बोलावलेल्या काकू असतात ना, तसा हा भाग. काकूंना पंगत वाढता येत नाही, हिशेब जमत नाही, त्या कुणाशी फार बोलतही नाहीत. पण मोदकाला त्यांच्यासारख्या कळ्या पाडणं घरातल्या दहा धडधाकट पुरुषांना मिळूनही जमायचं नाही. डीकोडरला एकच विद्या येते, आणि ती येत असेल तर बाकीचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसून राहतो. म्हणून विकत घेताना विचारायचा प्रश्न "ताकद किती" हा नाहीच. "कुठला कोडेक येतो" हे विचारायचं.

आणि इथे भाच्याचं गणित कोसळतं. इंटेलचा आय सेव्हन ६७०० हा सहाव्या पिढीचा आणि आय थ्री ७१०० हा सातव्या. पहिल्याला चार कोअर, दुसऱ्याला दोन. कुस्ती लावली तर पहिला दुसऱ्याला सहज चीत करेल. पण दहा-बिट एचईव्हीसी, म्हणजे आजच्या बहुतेक फोर-के सिनेमांचा कोडेक, पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आली. त्यामुळे दांडगा आय सेव्हन त्या सिनेमापुढे घामाघूम होतो आणि धाकटा आय थ्री सिनेमा दाखवून वर गार राहतो. यूट्यूबचं फोर-केही एच.२६४ मध्ये येत नाही. त्याला व्हीपी९ किंवा एव्ही१ लागतो, आणि यातला व्हीपी९ सातव्या पिढीला चांगला अवगत आहे. आता योगायोग बघा. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे (सातव्यातले दोन-चार भाग्यवान सोडून), आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ज्या पिढीला ही विद्या नुकतीच आली होती, नेमक्या त्याच पिढीला ऑफिसांनी नारळ दिला. पुस्तकाएवढ्या आकाराचे ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, एलिटडेस्क आता लॅमिंग्टन रोडपासून तापकीर गल्लीपर्यंतच्या जुन्या मालाच्या बाजाराला लागले आहेत, बऱ्यापैकी मोबाईलपेक्षा कमी पैशांत. प्रोसेसरच्या नावातल्या आडव्या रेघेनंतर ७ आहे एवढं बघायचं. विंडोजची गरज नाही. लिब्रेइलेक ही फुकट प्रणाली पेन ड्राइव्हवरून चढवायची, तिच्यातून कोडी नावाचा प्लेअर उघडतो आणि एका स्प्रेडशीटवर आयुष्य काढलेलं यंत्र थेट चित्रपटसृष्टीत दाखल होतं.

यावर रास्त आक्षेप असा, की टीव्ही मुळातच स्मार्ट आहे, नाहीतर एक स्टिक खोचली की झालं. मग हा उद्योग कशाला? पैसे भरून बघायच्या मालासाठी हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो पूर्ण मान्य करावा असं मला वाटतं. लिनक्सवरच्या ब्राउझरला नेटफ्लिक्स फोर-के देत नाही. चोरीच्या भीतीने कंपन्यांनी कुलपांवर कुलपं घातली आहेत आणि स्वतः जोडलेल्या संगणकाकडे त्या संशयानेच पाहतात. या कुलपांची कमाल अशी, की फोर-के ब्लू-रे डिस्क संगणकावर अधिकृतपणे बघायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची सोय लागत असे, आणि अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून इंटेलनेच ती काढून टाकली. म्हणजे जास्त पैसे देऊन नवा घेणाऱ्याला, स्वतः विकत घेतलेली डिस्क बघण्यापुरता, जुनाच बरा होता. तेव्हा ओटीटीसाठी खुशाल स्टिक ठेवा. संगणक आहे तो आपल्या मालकीच्या फायलींसाठी. मोबाईलवर फोर-केमध्ये घेतलेलं शाळेचं स्नेहसंमेलन, लग्नाच्या फोटोग्राफरने हार्ड डिस्कवर दिलेले सहा तास, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाटकं: हे कुठलंच ॲप दाखवत नाही, आणि टीव्हीतल्या प्लेअरला त्यातल्या निम्म्या फायली कळत नाहीत. टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो, पण त्यातल्या ॲपची अपडेट त्याच्या बरीच आधी बंद पडते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. फोर-के डोळ्याला दिसतं तरी का? निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर, तेव्हा फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा झाला. साडेपाच फुटांपलीकडे गेलं की ते ठिपके सुटे दिसतच नाहीत. आपला सोफा असतो आठ फुटांवर, आणि सोफा पुढे ओढायची सूचना कुठल्याही घरात मंजूर होत नाही. म्हणजे निव्वळ ठिपक्यांचा विचार केला तर आक्षेप घेणाऱ्याचंच बरोबर आहे. पण फोर-केसोबत आणखी दोन गोष्टी येतात: सेकंदाला जास्त डेटा, आणि दर रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा. संध्याकाळच्या आकाशात पायऱ्या-पायऱ्या दिसणं किंवा अंधाऱ्या दृश्यात चौकोन नाचणं यामुळे कमी होतं, आणि हे आठ फुटांवरूनही कळतं. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढला होता. त्याची फोर-के आवृत्ती २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. तेव्हा काटकसर आणि स्पष्ट चित्र यांचं हाडवैर आहे असं समजायला काही आधार नाही.

खरी मेख असते वायरीत. सातव्या पिढीचं स्वतःचं एचडीएमआय १.४ दर्जाचं, त्यातून फोर-के सेकंदाला तीसच वेळा जातं. हे ऐकून लोक दचकतात. अहो, सिनेमाच चोवीसचा! कोडीमध्ये पडद्याचा वेग चित्राच्या वेगाशी जुळवण्याची सोय आहे, ती चालू करायची आणि गप्प बसायचं. साठच हवे असतील तर डिस्प्लेपोर्टमधून ॲक्टिव्ह अडॅप्टर लावावा. एचडीआरच्या, म्हणजे जास्त झगमगीत उजेडाच्या चित्रांच्या, बाबतीत मात्र हा जुना डबा लंगडतो हे खरं. ज्याचा टीव्ही खरोखर झगमगता आहे त्याने इंटेलच्या एन१०० चिपचा छोटा नवा डबा घ्यावा. त्याला एव्ही१ पण येतो आणि चिपची भूक सहा वॅटची. फक्त आधी टीव्ही तपासावा. एचडीआरचे सिनेमे बहुधा हजार निट प्रकाश गृहीत धरून रंगवलेले असतात आणि स्वस्त टीव्ही अडीचशे-तीनशेपाशी थकतात. खोक्यावरच्या एचडीआर स्टिकरने प्रकाश पडत नाही.

विजेचं म्हणाल, तर असा डबा सिनेमा चालू असताना वीसएक वॅट खातो. रोज चार तास धरले तरी महिन्याला अडीच युनिटांच्या आत. छताचा पंखा याहून खादाड. रिमोटची अडचण खरी आहे, कारण संगणक टीव्हीच्या रिमोटचं बहुधा ऐकत नाही. वेगळा घ्यावा लागतो, आणि घरातला चौथा रिमोट म्हणून तो गादीखाली हरवतो.

आणि वाचलेले पैसे आवाजावर घालवावेत. टीव्ही जितके सडपातळ झाले तितके त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसले, त्यामुळे नायक आपल्याशी न बोलता भिंतीशी बोलतो. एक छोटा ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले दोन जुने स्पीकर आणले की तो वळून समोर बोलायला लागतो. हे स्पीकर तीस-तीस वर्षांचे मिळतात आणि अजून ठणठणीत वाजतात. त्यांना पिढी नसते, कोडेक येत नाही, आणि त्यांचा आधार अमुक तारखेला संपला म्हणून कुणी पत्रही पाठवत नाही.