पावणेतीनवा माणूस

रांगेत पावणेतीनव्या जागेवर कोण उभा असतो, या प्रश्नाने मला सध्या घेरलं आहे. दुसऱ्याला मी ओळखतो. तिसराही रेशनच्या दुकानात कायम माझ्या पुढे असतो. पण दुसऱ्याच्या मागे पाऊण पाऊल आणि तिसऱ्याच्या पुढे पाव पाऊल असा अधांतरी तरंगणारा गृहस्थ मी कुठल्याच रांगेत पाहिलेला नव्हता. तो अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'विभाजन मूल्ये' या प्रकरणात राहतो. माझी भाची कॉमर्सला गेली म्हणून ओळख झाली, नाहीतर राहूनच गेली असती.

त्याला गाठायची रीत सोपी आहे. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे. किती आहेत ते मोजायचं, त्यात एक मिळवायचा आणि चाराने भागायचं. दहा आकडे असतील तर अकरा भागिले चार, म्हणजे पावणेतीन. पावणेतीनव्या जागी जे मूल्य, ते पहिलं चतुर्थक. याच्या दुप्पट जागी दुसरं, म्हणजे आपला जुना मध्यक. तिप्पट जागी, सव्वाआठव्या ठिकाणी, तिसरं.

"पण माणसं दहा असताना अकरावा कुठून आणायचा?" भाचीने विचारलं. शंका रास्त होती. उत्तरही वाटतं तितकं गूढ नाही. दहा जण ओळीत उभे केले की मोकळ्या जागा अकरा होतात, पहिल्याच्या पुढची आणि शेवटच्याच्या मागची धरून. ते एक मिळवणं या मोकळ्या जागांसाठी असतं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर वाढलेल्या मुलीला दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेचं महत्त्व मी काय सांगणार? तिथे नेहमी कोणीतरी तिसरा घुसतो.

इकडे रांग ही गोष्टच निराळी. 26 मे 1989 रोजी इथलं न्हावा शेवा बंदर सुरू झालं आणि शेवा गावाचं नाव जगभरच्या बिलांवर चढलं. 2024-25 या वर्षात इथून 70 लाखांहून जास्त टीईयू कंटेनर गेले-आले. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचं माप. त्यातले कितीतरी कधी ना कधी ट्रेलरच्या पाठीवर बसून करळ फाट्याच्या आसपास उभे राहिले असणार. पाहुणे घारापुरीची लेणी बघायला येतात, आणि परतल्यावर वर्णन मात्र ट्रेलरचं करतात.

अपूर्णांकाशीही इथल्या माणसाचा जुना संबंध आहे, आणि तो सगळाच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून जानेवारी 1984 मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर आंदोलन झालं, त्यात पाच जण गोळीबारात गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र आलं. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, पावाचा निम्मा. या पट्ट्यात तो अपूर्णांक शाळेच्या आधी घरात शिकतात.

तर भाचीला उदाहरणासाठी दहा आकडे हवे होते. पुस्तकातले विद्यार्थ्यांचे गुण मला बेचव वाटले, म्हणून शेजारच्या काकांना हाक मारली. त्यांचे दोन ट्रेलर आहेत. "काका, गाडी गेटवर किती वेळ उभी राहते?" त्यांनी हिशेबाची वही न उघडता, भाव सांगावा तसे दहा खेपांचे तास सांगून टाकले. चढत्या क्रमाने लावल्यावर ओळ अशी झाली: 1, 1, 2, 3, 3, 4, 5, 7, 8 आणि 46.

"हे 46 काय?" मी विचारलं.

"गेटवर दाखवायच्या फॉर्म तेरामध्ये कंटेनरचा नंबर एका आकड्याने चुकला होता. ते दुरुस्त होईपर्यंत सुट्टी आली."

बेरीज 80. सरासरी 8 तास. आता ही सरासरी जरा निरखून बघा. दहांपैकी आठ खेपांना आठ तासांपेक्षा कमी लागले. एकीला बरोबर आठ. आणि एकीला सहा पटींच्या आसपास. सरासरी ज्यांची म्हणून सांगायची, त्यांच्यापैकी जवळपास कोणालाच ती लागू नाही. काका म्हणाले, "पार्टीला मी आठच सांगतो." सरासरीचा हाही उपयोग असतो.

चतुर्थकं काढली तर चित्र पालटतं. दुसरं मूल्य 1, तिसरं 2, त्यांच्यात पाऊण वाट चालून गेलं की पहिलं चतुर्थक पावणेदोन तास. मधलं, 3 आणि 4 यांच्या मध्यावर, साडेतीन. आठवं 7, नववं 8, तेव्हा तिसरं चतुर्थक सव्वासात. पावणेदोन, साडेतीन, सव्वासात! माझ्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकीसुद्धा तोंडपाठ केली होती. त्यांना हे प्रकरण एका दुपारचं काम झालं असतं. भाचीने मात्र 0.75 ने गुणायला कॅल्क्युलेटर काढला. मी काही बोललो नाही, कारण मलाही औटकी चौदाच्या पुढे येत नाही.

आता गंमत अशी. त्या 46 च्या जागी 460 लिहा. सरासरी उडी मारून 49.4 वर जाते. चतुर्थकं जिथल्या तिथे. पावणेदोन, साडेतीन, सव्वासात, पापणीसुद्धा लवत नाही. चतुर्थकाला कोण किती तास कुढला याच्याशी कर्तव्यच नाही, ते फक्त रांगेतला नंबर विचारतं. हा त्याचा गुण म्हणून पुस्तकात छापलेला आहे आणि तो गुण आहेही. सरासरी प्रत्येकाला लागू नसते, हे बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे वर्षानुवर्षं वेगळ्या भाषेत सांगत राहिले. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका, माणसामाणसाची गरज कमीजास्त असते, असं ते म्हणत. त्यातूनच अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांच्या दारिद्र्याच्या मोजणीवरून त्यांचा मोठा वाद झाला. सातारा जिल्ह्यातला माणूस, वाद सहजी सोडणार थोडाच!

पण त्या 46 तासवाल्याच्या बाजूने बघितलं की माझं मन थोडं डळमळतं. सरासरी बिचारी भाबडी. एकाच्या दुःखाने सगळ्यांचा आकडा चढवून बसते, तरी तिला काहीतरी झालं हे कळतं. चतुर्थकाच्या लेखी तो फक्त दहावा. नंतरच्या पायरीवर तर त्याला ओळीबाहेरच काढतात. तिसऱ्या चतुर्थकातून पहिलं वजा करा, साडेपाच. त्याची दीडपट सव्वाआठ. सव्वासातात सव्वाआठ मिळवले की साडेपंधरा. साडेपंधरा तासांच्या वर जो कोणी असेल तो 'बाह्य मूल्य'. केबिनमध्ये स्टोव्हवर डाळ शिजवत दोन रात्री काढणाऱ्या ड्रायव्हरला हे नाव सांगायला मी जाणार नाही.

हा वाद फक्त माझ्या घरातला नाही, हे नंतर लक्षात आलं. संयुक्त राष्ट्रांची अंक्टाड ही संस्था देशोदेशीच्या बंदरांत जहाजं किती वेळ थांबतात ते प्रसिद्ध करते, आणि त्यासाठी मध्यक वापरते. कारण साधं आहे. एखादं जहाज दुरुस्तीला आठवडेच्या आठवडे पडून राहिलं तर त्याच्यामुळे बाकीच्यांची बदनामी नको. उलट आमच्या इथल्या जवाहरलाल नेहरू सीमाशुल्क भवनात माल सुटायला लागणाऱ्या वेळाचा अभ्यास होतो, त्यात सरासरी मांडतात, आणि ठरलेल्या मुदतीत किती टक्के माल सुटला तेही. म्हणजे एकाच किनाऱ्यावर, धक्क्याला लागलेल्या जहाजाला मध्यक आणि त्याच्या पोटातून उतरलेल्या मालाला सरासरी. 2016 च्या जुलैपासून इथल्या कंटेनरांना छोटे टॅग लावून त्यांचा मागही ठेवला जातो. कंटेनर कुठे किती रेंगाळला ते त्यातून कळतं. ट्रेलरखाली सतरंजी टाकून झोपलेल्याला टॅग नसतो.

भाचीची अडचण यापेक्षा तातडीची होती. तिने तेच दहा आकडे माझ्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये भरले, आणि पहिलं चतुर्थक आलं सव्वादोन. "मामा, पुस्तक चुकलं." पुस्तक चुकलं नव्हतं. एक्सेल एक मिळवण्याऐवजी एक वजा करून चाराने भागतं आणि शेवटी एक मिळवून जागा काढतं. त्यातच दुसरं एक सूत्र आहे, ते वापरलं तर पुस्तकासारखं पावणेदोन येतं. एकाच पोटात दोन उत्तरं! जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची रीत आणखी सरळ: ओळ मधून तोडा आणि खालच्या निम्म्याचा मध्यक घ्या. त्याचं उत्तर दोन. पावणेदोन, दोन, सव्वादोन. 1996 मध्ये हाइंडमन आणि फॅन या दोघांनी 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये अशा रिती एकत्र मांडल्या, त्या नऊ निघाल्या. ओळ तीच, आकडे तेच, आणि चौथा भाग कुठे संपतो यावर नऊ मतं. आमच्या हाउसिंग सोसायटीत माणसं जास्त आहेत, पण मतांचं प्रमाण साधारण हेच.

"परीक्षेत काय लिहू?"

"पावणेदोन. तपासणाऱ्याच्या हातात पुस्तक असतं, एक्सेल नसतं."

काका मघापासून ऐकत होते. पाव तासाच्या या झटापटीचं त्यांना नवल वाटत होतं. त्यांच्या धंद्यात पाव नाही. गाडी अडकली की हॉल्टिंग लागतं आणि ते दिवसावर असतं. त्या 46 तासांचे त्यांनी दोन दिवस लावले होते. पार्टीचं म्हणणं, पूर्ण चोवीस तास एकदाच भरलेत, वरचे बावीस धरणार नाही. काका म्हणतात, दोन तासांसाठी दिवस खाता काय? पार्टी म्हणते, दोन तास थांबला असता तर दिलं असतं. बिल अजून अडलेलं आहे. काकांनी जाता जाता भाचीला विचारलं, तुझ्या त्या पुस्तकात बावीस तासांचा एक दिवस करायचं काही सूत्र असेल तर बघून ठेव.