जन्मसाल 1901, इयत्ता अकरावी

नात सुट्टीला आली होती. परत जाताना चार जाडजूड पुस्तकं इथेच विसरली, आणि मी ती वाचून काढली. 34 वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं की हातात आलेला कागद शेवटच्या पानापर्यंत तपासायची खोड लागते. ‘ट्वायलाइट’ मालिका. लेखिका स्टेफनी मायर, काळ 2005 ते 2008. तरुण जग एडवर्ड कलन नावाच्या व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलं तेव्हा मी बारावीचे गठ्ठे तपासत होते, म्हणून ही प्रतिक्रिया जरा उशिराच पोचते आहे. एडवर्डची त्याला हरकत नसावी. त्याला वेळच वेळ आहे.

हा एडवर्ड जन्मला शिकागोत, 1901 साली. 1918 च्या स्पॅनिश फ्लूत मरायला टेकला असताना डॉक्टर कलननी त्याला चावून वाचवलं. (चावून वाचवणारे डॉक्टर आमच्याकडेही आहेत, पण ते बिलात चावतात.) तेव्हापासून त्याचं वय सतरा. आणि हे शंभरी ओलांडलेले गृहस्थ वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावी अकरावीच्या वर्गात बसतात! रक्त पितो, भिंती चढतो, याचं मला काही वाटलं नाही. धडकी भरली ती अकरावीने. सिनेमात तर कलनांच्या घरी पदवीदानाच्या टोप्या ओळीने लावलेली अख्खी भिंत आहे. आमच्याकडे तीन वर्षं एकाच वर्गात बसणाऱ्या मुलाला नातेवाईक जगू देत नाहीत. तो बिचारा नापास होऊन बसतो, हा पास होऊन बसतो.

दर वेळी प्रवेश मिळतो कसा, तर चौथ्या भागात खोटी कागदपत्रं करून देणारा एक वकील भेटतो. इतकी यातायात कशाला? आमच्या गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख 1 जून लिहून टाकली, कुणाचं काही अडलं नाही.

मग हजेरी. या मंडळींची कातडी उन्हात हिऱ्यासारखी चमकते, म्हणून त्यांना ढगाळ गाव लागतं. मायरबाईंनी अमेरिकेतली सर्वांत पावसाळी जागा इंटरनेटवर शोधली आणि फोर्क्स सापडलं. वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस. एवढा आमच्या कोकणात चार महिन्यांत पडतो, पण उरलेले आठ महिने डॉक्टर कलननी पाच मुलांना कुठल्या माळ्यावर ठेवलं असतं? फोर्क्समध्येही ऊन पडलं की पाचही गैरहजर. कारण काय, तर आईवडिलांबरोबर डोंगरात भटकंती. पालकांना शाळेत बोलावून घ्यावं असं एकाही शिक्षकाला वाटत नाही.

नायिका बेला आणि एडवर्ड यांची गाठ पडते ती जीवशास्त्राच्या तासाला, हे वाचून मात्र मी चष्मा पुसला. प्रात्यक्षिक कसलं? कांद्याच्या मुळाचं टोक! स्लाइड लावायची आणि पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या. हे मी किती बॅचेसकडून करून घेतलं असेल त्याची गणती नाही. खोलीभर कांद्याचा वास, आणि तिसऱ्या बाकावरचा एकजण हमखास लेन्स स्लाइडवर टेकवून काच फोडणार. फोर्क्समध्ये काच फुटत नाही. एडवर्ड क्षणभर डोळा लावतो आणि अवस्था सांगून मोकळा होतो. 1918 पासून ज्याच्या अंगातली एक पेशी विभागली नाही, तो कांद्याची विभागणी ओळखतो. वर्गात बॅनर सर आहेत. सगळी उत्तरं एडवर्डनेच दिली असतील अशी रास्त शंका ते घेतात. पुढे ते रक्तगट तपासायचं प्रात्यक्षिक ठेवतात, त्या दिवशी एडवर्ड तास बुडवतो. पानांच्या या डोंगरात मला कळलेली ही एकच गैरहजेरी.

कलन मंडळी स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवतात, कारण माणसं सोडून फक्त जनावरांचं रक्त पितात. ‘शाकाहारी, पण रस्सा चालतो’ म्हणणारे आमच्या पंगतीतही बसतात. स्थळ म्हणूनही मुलगा नाकारण्यासारखा नाही: वडील डॉक्टर, स्वतःची गाडी, लग्नाआधी वावगं वागणार नाही. फक्त रात्री खिडकीतून मुलीच्या खोलीत शिरून ती झोपलेली बघत बसतो, तेही तिला न सांगता. तिने तिच्या मित्राकडे, जेकबकडे, जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचं इंजिन बिघडवून ठेवतो. बहिणीने तिच्यावर पहारा ठेवावा म्हणून बहिणीला पिवळी पोर्श देतो. माझ्या वर्गातल्या मुलाने यातलं एक जरी केलं असतं तर त्याचे वडील माझ्यासमोर उभे असते. इथे वाचक उसासे टाकतात.

दुसऱ्या भागात तो सोडून जातो तेव्हा ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांची पानं कोरी आहेत, नुसती महिन्यांची नावं. संपूर्ण मालिकेत लेखनावर ताबा दिसतो तो तिथे.

चौथ्या भागात मात्र बाईंनी माझ्या विषयालाच हात घातला. माणसात गुणसूत्रांच्या 23 जोड्या, व्हॅम्पायरमध्ये म्हणे 25, आणि लांडगा होणाऱ्या जेकबमध्ये 24. बेलाला मुलगी होते, तिच्यातही 24. हिशेब करून पाहिला: आईकडून 23, बापाकडून 25, बेरीज 48. म्हणजे 24 जोड्या झाल्या खऱ्या, पण बापाकडच्या दोघांना जोडीदार कुठून आणणार? उत्तर बरोबर, रीत चूक, निम्मे गुण. जेकबचा जीव तीन पुस्तकं आईवर, आणि चौथ्यात तो त्या जन्मल्या पोरीत कायमचा गुंततो. गुणसूत्रं जुळली ना! आमच्या पणजीच्या काळी पोटाला कुंकू लावून सोयरीक ठरवत. त्याला आम्ही अडाणीपणा म्हटलं. इंग्रजीत त्याला ‘इम्प्रिंटिंग’ म्हणतात.

जेकबचे क्विलियूट लोक मात्र खरे आहेत, ला पुश हे त्यांचं गावही खरं. समुद्रकाठी राहतात आणि त्सुनामीच्या भीतीने वस्ती उंचावर न्यायच्या खटपटीत असतात. त्यांना लांडगे करताना कादंबरीला एवढं बघायला सवड नव्हती. फोर्क्सचं मात्र चांगलं चाललंय. लाकडावर जगणाऱ्या त्या गावात आता पर्यटक येतात, आणि रुग्णालयाबाहेर डॉक्टर कलनांच्या गाडीसाठी राखीव जागेची पाटी लागली होती.

शेवटी जगभरातले व्हॅम्पायर बर्फात महायुद्धासाठी समोरासमोर उभे ठाकतात, शेकडो पानांची तयारी होते, थोडी बोलाचाली होते आणि सगळे आपापल्या घरी जातात. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अशीच संपते, फक्त तिथे बटाटेवडे असतात.

रविवारी नातीचा फोन आला. पुस्तकं कुरियरने पाठव म्हणाली, आणि मग लाडात, ‘‘आजी, खरं सांग, टीम एडवर्ड की टीम जेकब?’’

‘‘टीम बॅनर,’’ मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर शांतता. चारही पुस्तकं तिने तीनदा वाचली आहेत.

‘‘बॅनर कोण?’’