मास्तर आणि पुढील भाग

मास्तरांना मराठी मालिका आवडत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना संध्याकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंतच्या एकूण एक मालिकेतले दाखले देतात. डोंबिवली पूर्वेला त्यांचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, आणि मशीनवर बसल्या जागेवरून नीट दिसेल अशा बेताने लावलेला टीव्ही. त्यासाठी देवाचा फोटो थोडा बाजूला सरकवावा लागला, पण देवाने तक्रार केलेली नाही.

साधा प्रेक्षक नटांना शिव्या घालतो. 'आई कुठे काय करते' चालू होती तेव्हा अनिरुद्ध पडद्यावर आला की माझ्या सासूबाई कडाकडा बोटं मोडायच्या. मास्तरांना हा शुद्ध अडाणीपणा वाटतो. मिलिंद गवळींचा काय दोष? लिहून दिलं ते बोलले. मास्तरांचा राग नेहमी श्रेयनामावलीवर. कथा, पटकथा आणि संवाद यांची नावं वेगवेगळी येतात, हे आमच्या गल्लीला त्यांनीच शिकवलं. बाई उगाच रडली तर दोष पटकथेचा. रडता रडता सुविचार बोलली तर संवादाचा. दोन्ही बरं असूनही कंटाळा आला, तर चॅनेलचा. या मालिकेतली अरुंधती आधी की हिंदीतली अनुपमा आधी, यावरून दुकानात दोन बायका हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा तोंडातल्या टाचण्या काढून मास्तरांनी निकाल दिला, "अहो, दोघीही बंगालच्या! मूळ 'श्रीमोयी', लीना गंगोपाध्याय." दोघी बायका गप्प झाल्या. एकीने तेवढ्यात शिलाई कमी करून मागितली, ती मात्र मिळाली नाही.

त्यांची कसोटी एकच: मालिका बेतलेली आहे की नाही. शेवट माहीत असल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सतीश राजवाडे हे त्यांचं दैवत. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 साली सुरू झाली आणि त्याच वर्षी संपलीसुद्धा, हे ते कुणी परदेशी जाऊन सुवर्णपदक आणावं तशा आवाजात सांगतात. दुसरे केदार शिंदे. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चा विषय निघाला की मशीन थांबतं. "दिलीप प्रभावळकरांची 'अनुदिनी' होती हाताशी, म्हणजे पाया पक्का. आबा, शेखर, श्यामल, शिऱ्या, शलाका. पाच माणसं. कुणी कुणाच्या दुधात काही घातलं नाही, कुणी जिन्यावरून कुणाला ढकललं नाही. तरी बघायचोच ना आपण?" मग आवाज खाली येतो. "आणि 'चार दिवस सासूचे'. नाव काय? चार दिवस. भाग किती? तीन हजारांच्या वर! ताई, आत दोन बोटं माया सोडावी लागते, मी नाही म्हणत नाही. पुढे वाढवायची वेळ येते. पण यांनी अख्खं ठाणच आत दुमडलं."

ते तीन हजार भाग त्यांनी पाहिले होते का, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

त्यांची खरी दुखरी नस मात्र 'होणार सून मी ह्या घरची'. जान्हवीच्या गरोदरपणावर सगळ्या महाराष्ट्राने विनोद केले. मास्तरांकडे पुरावा आहे. त्यांचं एक गिऱ्हाईक त्याच सुमाराला गरोदर होतं. "तिचे ब्लाऊज मी दोनदा उसवून सैल केले. बाळंतीण झाली. बारशाला नवीन शिवले. मग जुने पुन्हा आवळून दिले. आणि जान्हवी? होती तिथेच." 'माझ्या नवऱ्याची बायको'वरचा आक्षेपही धंद्यातलाच. शनाया आधी रसिका सुनील होती, मग ईशा केसकर आली, मग पुन्हा रसिका सुनील. "दोनदा मापं बदलली, आणि त्या गुरुनाथला पत्ता नाही! असला नवरा राधिकाने ठेवायचाच कशाला?"

कौतुकही करतात, पण मोजून. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये अण्णा नाईक पहिल्या पर्वातच गेले, तर 2019 साली दुसऱ्या पर्वात गोष्टच मागे नेली आणि जिवंत अण्णा पुढ्यात उभे केले. प्रल्हाद कुडतरकरांची ही युक्ती मास्तरांना इतकी आवडली की पुढचे कित्येक दिवस ते कापड अंथरताना अण्णांच्या सुरात 'शेवंता, शेवंता' पुटपुटत होते. वहिनींना ते आवडलं नाही.

विनोदी कार्यक्रमांच्या बाबतीत ते फार गंभीर असतात. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' लागली की हात जोडून बसतात आणि समीर चौघुलेंनी कितीही धुमाकूळ घातला तरी हसत नाहीत. शेवटी "जमलंय" म्हणतात. तक्रार एवढीच, की परीक्षक आपल्याआधी हसतात. "मला ठरवू द्या की!" हे मला पटतं. हसण्यातही कुणीतरी पुढे उभा राहिला की आपल्याला रांगेत असल्यासारखं वाटतं.

गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्या दिवशी दुकानात शिवणकाम बेतानेच होतं. तसं ते इतर दिवशीही बेतानेच होतं. भाचीच्या लग्नासाठी मी मास्तरांकडे पैठणीवरचा ब्लाऊज टाकला होता. आधी 'मंगळवारी या', मग 'अस्तर आटलं', मग 'पाठीचा गळा राहिलाय', मग 'फक्त हुक'. लग्नात मी दुसराच ब्लाऊज घातला. भाची हनिमूनहून परतल्यावर पुन्हा दुकानात गेले आणि म्हटलं, "मास्तर, मालिकावाले लांबवतात म्हणून तुम्ही ओरडता. माझा ब्लाऊज कितव्या भागात आहे?"

मास्तर जराही ओशाळले नाहीत. "ताई, लेखकाच्या हातात काय असतं? वरून चॅनेलचा दबाव असतो." आणि त्यांनी डोळ्यांनीच काउंटरकडे खूण केली. तिथे एका बाईंनी पिशवीतून सहा ब्लाऊजपीस काढले होते, आणि वहिनी हसतमुखाने पावती फाडत होत्या, "देऊ की. गुरुवारी या."