तंजावरात बसून मिरीचे व्यापारी व्हा!

आधी वेल शोधणं सोडा. तंजावर म्हणजे भात आणि केळी. मिरीला डोंगर, झाडांची सावली नि धो धो पाऊस हवा. कावेरीच्या या सपाट चिखलात ती कशाला येईल? पण म्हणून खचू नका. १६२० साली डेन्मार्कचे लोक जवळच तरंगंबाडीला उतरले, तेव्हाही इथं वेल नव्हता. तरी त्यांनी तंजावरच्या राजाकडून, रघुनाथ नायकांकडून, किल्ला बांधायची नि मिरी न्यायची परवानगी काढली. त्यांच्या राजाला नायकांनी सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं पत्र कोपनहेगनात अजून जपून ठेवलंय. आपले मराठ्यांचे एकोजीराजे तर इथं राज्य करायला त्यानंतर पंचावन्नेक वर्षांनी आले. तेव्हा ‘इथं कुठली आलीय मिरी?’ असं कुणी हिणवलं, तर डॅनिशांकडे बोट दाखवा.

आता माल. मूठभर मिरी घ्या, एक दाणा दाताखाली धरा. टकदिशी फुटला तर वाळलेला. चेपला तर तुम्ही मिरीच्या भावानं पाणी विकत घेताय. उरलेले दाणे पाण्यात टाका. भेसळीसाठी मिसळलेल्या पपईच्या बिया वर येतात. पण पोकळ मिरीही तरंगते, म्हणून लगेच दुकानदाराच्या अंगावर जाऊ नका. खरा व्यापारी लिटरचं माप भरून तोलतो. साडेपाचशे ग्रॅम भरली तर भाव ताठ मानेनं सांगावा. आणि हो, शंभर किलो हिरवी मिरी वाळवली की हाती तेहतीसच्या आसपास येते. बाकीची ऊन खातं.

भावासाठी रोज सकाळी व्हिएतनामकडे तोंड करून नमस्कार घाला. जगात सगळ्यांत जास्त मिरी तिथली. केरळ-कोडगूची तोडणी आटोपत येते, तोवर त्यांची जोरात असते. भाव चढला की जो तो वेल लावतो. वेल धरायला तीन-चार वर्षं लागतात, आणि मग सगळ्यांचे एकदमच धरतात. पुढचं सांगायला नको. २०१७च्या डिसेंबरात सरकारनं किलोला ५०० रुपयांच्या आतली आयात रोखली. देशातला भाव तरीही त्याच्या खाली घसरला.

शेवटचा धडा साठ्याचा. नीट वाळलेली मिरी वर्षानुवर्षं टिकते, म्हणून कोडगूचा बागायतदार पोती घरात ठेवतो आणि अडल्यानडल्याला काढतो. नवशिक्याला सगळे सांगतात, ‘थांबा.’ किती, ते कुणी सांगत नाही.

आमच्या आत्यानं २०१५ साली ‘अजून चढणार’ म्हणून पाच किलो घेऊन ठेवली. भाव कोसळल्यावरही ती पोंगलमध्ये दाणे मोजून टाकायची, आणि कुणी खाताना दाणा ताटाच्या कडेला सारला की त्याला खरेदीचा भाव ऐकवायची.