भूत नसलं तरी चालेल, डीन मात्र डीनच हवा

अलौकिक मालिका पाहणाऱ्यांना भुताखेतांचं वेड असतं, हा निव्वळ न पाहणाऱ्यांचा समज. ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका 2005 ते 2020 अशी 15 सीझन आणि 327 भाग चालली. सॅम आणि डीन विंचेस्टर या भावांनी तेवढ्या अवधीत पिशाच्चं, देवदूत, सैतान आणि शेवटी साक्षात देव, एवढ्यांशी दोन हात केले. पण चाहते हमरीतुमरीवर येतात ते सैतानावरून नव्हे. डीन भावाशी नीट का बोलला नाही, यावरून. आणि त्यांचं बरोबरच आहे, कारण या मालिकेतल्या अरिष्टांचा उगम नरकापेक्षा घरातच अधिक सापडतो. धाकट्या सॅमचं मरण थोरल्या डीनला सोसत नाही, म्हणून तो एका वर्षाच्या मुदतीवर आत्मा विकून त्याला परत आणतो. धाकटा चोरून राक्षसी रक्त पितो, वर खोटं बोलतो आणि सैतानाला मोकळा करून बसतो. कॅस्टिएल हा देवदूत मित्रांना अंधारात ठेवून परस्पर सौदा करतो आणि पुढे स्वतःलाच देव म्हणवून घेतो. आपल्याकडे असल्या लपवाछपवीतून फार तर वाटण्या होतात. तिथे प्रलय होतो, इतकंच.

थोडक्यात, भूत हे निमित्त. खरी गोष्ट माणसाच्या खोडीची. याचा सर्वांत भक्कम पुरावा चाहत्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. फॅन फिक्शनमध्ये, म्हणजे चाहत्यांनी त्याच पात्रांवर लिहिलेल्या कथांमध्ये, ‘कॉफी शॉप एयू’ (अल्टरनेट युनिव्हर्स, म्हणजे पर्यायी विश्व) नावाचा एक लाडका प्रकार आहे. त्यात नरक नाही, पंख नाहीत, दारात मिठाची रेघही नाही. एक जण कॉफी करतो, दुसरा रोज येऊन तीच कॉफी मागतो, आणि मनातलं एक वाक्य ओठांवर यायला प्रकरणांमागून प्रकरणं जातात. अलौकिक म्हणून जे जे होतं ते सगळं वगळूनही कथा चालते! मात्र याच कथेत डीनने पहिल्याच पानावर शांतपणे भावना व्यक्त केल्या, तर वाचक खवळतात: हा आमचा डीन नव्हेच. देवदूताने एप्रन बांधलेला खपतो, डीनने मन मोकळं केलेलं खपत नाही.

यावर कोणी म्हणेल, की चाहते शेवटी दोषांवर पांघरूणच घालतात. खलनायकाला दुःखी बालपण बहाल केलं की सगळे गुन्हे माफ. अशा कथा आहेत, भरपूर आहेत, आणि कंटाळवाण्या आहेत. पण दोष समजून घेणं म्हणजे दोषीला सोडून देणं नव्हे. ‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी मालिकेचं पहिलं पर्व 2016 मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झालं, दुसरं पर्व मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवू लागलं, त्यांच्या लोभा-वासनेसकट. प्रेक्षकांनी अण्णांना डोक्यावर घेतलं, पण म्हणून कोणी त्यांना जावई करून घ्यायला निघालं नाही. उरला उसन्या पात्रांवर लिहिण्याचा आक्षेप. तो घेणाऱ्यांनी आधी भासाशी भांडावं. त्याच्या ‘पंचरात्रा’त दुर्योधन द्रोणाला दिलेला शब्द पाळून पांडवांना अर्धं राज्य देतो आणि महाभारतातलं युद्धच टळतं. मूळ शेवट पटला नाही, बदलून टाकला. आजचे चाहते याला ‘फिक्स-इट’ म्हणतात, आपण अभिजात संस्कृत नाटक म्हणतो.

‘सुपरनॅचरल’च्या शेवटानंतर तर अशा दुरुस्त्यांची निकड स्पष्टच होती. जगाचे अंत थोपवलेला डीन एका गोठ्यात लोखंडी सळई पाठीत घुसून मरतो, आणि सॅम मदत आणायला निघतो तेव्हा त्यालाही थांबवून ठेवतो. इथे कोणीही लेखक पहिली ॲम्ब्युलन्स बोलावेल. पण जो खरा चाहता असेल, त्याचा डीन स्ट्रेचरवरूनही डॉक्टरांना सांगेल, ‘काही नाही हो, जरा खरचटलंय.’