एका षटकात एक घाणा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत क्रिकेटचा अंतिम सामना घरी बसून पाहण्याच्या विधीला ‘मॅच बघणे’ असे म्हणतात. तथापि या विधीत डोळ्यांपेक्षा दातांना अधिक काम पडत असल्याने त्याचा अभ्यास क्रीडाशास्त्राऐवजी पाकशास्त्राच्या अंगाने करणे उचित ठरते. बारामतीकरांचा या खेळावरील हक्क तर निर्विवाद आहे, कारण २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर धोनीच्या षटकाराने भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष बारामतीचेच शरद पवार होते, म्हणजे कार्य घरचेच होते आणि घरच्या कार्यात आलेल्या पाहुण्यांपुढे काहीतरी ठेवणे ओघानेच आले.

हे ‘काहीतरी’ नेहमी ‘सोपे’ असावे, असा संकेत आहे. या भागातील जुन्या घरांत पुढच्या बैठकीच्या जागेला ‘सोपा’ म्हणतात, आणि सोपा पदार्थ म्हणजे सोप्यात बसलेल्यास जो सोपा वाटतो तो, अशी त्याची व्याख्या करता येईल. स्वयंपाकघरातून ती तपासून पाहण्याची पद्धत नाही. उदाहरणार्थ, कांदाभजी हा सर्वमान्य सोपा पदार्थ होय. कढईत एका वेळी मावेल तेवढ्या मालाला ‘घाणा’ म्हणतात आणि तो तळून निघण्यास सुमारे चार मिनिटे लागतात. एक षटकही साधारण तेवढ्याच वेळात संपत असल्याने एका षटकात एक घाणा हे प्रमाण आपोआप बसते. तळणारीला धावसंख्या ठाऊक नसली तरी सोप्यातून चौकाराची आरोळी उठते की बळी पडल्याचा सुस्कारा, यावरून ती सामन्याचा अंदाज बांधते, आणि हा अंदाज बहुधा समालोचकांहून सरस असतो.

इंदापूर तालुक्यात भिगवणला उजनीच्या जलाशयातील ताजी मासळी मिळते, परंतु तळलेली चिलापी सामन्यास वर्ज्य मानावी लागते, कारण काटे काढताना नजर ताटात राहते आणि नेमका तेव्हाच बळी पडतो. डाळिंबाचे दाणे काळे मीठ भुरभुरून दिले तर ते उत्तमच. मात्र बागाईतदाराच्या घरीही डाळिंब आपोआप सोलले जात नाही.

खऱ्या अर्थाने कष्टाविना साधलेला एकच प्रयोग नोंदवता येतो. १९ नोव्हेंबर २०२३ चा विश्वचषकाचा अंतिम सामना भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी आला, आणि डब्यांच्या तळाशी उरलेला चिवडा, शेवेचा चुरा व मऊ पडलेल्या चकल्यांचे तुकडे एकत्र करून, त्यांवर कांदा, कोथिंबीर, उकडलेली मटकी आणि लिंबू घातल्यावर दिवाळीची भेळ सिद्ध झाली. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा तिसरा गडी ४७ धावांवर बाद झाला तेव्हा समोर जी बशी होती ती जागची हलू नये आणि कोणी उठूही नये, असा नियम ठिकठिकाणी लागू झाला; पुढे हेड आणि लाबुशेन यांनी १९२ धावांची भागीदारी केली, यावरून बशीच्या सामर्थ्याला मर्यादा असल्याचे दिसते. (नियम मोडल्याचा ठपका मात्र पाणी द्यायला उठलेल्या व्यक्तीवरच येतो.)

या शास्त्राची खरी कसोटी २ नोव्हेंबर २०२५ रोजी लागली. नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि त्याच दिवशी कार्तिकी एकादशी होती. ज्या वाटेने दरवर्षी आषाढीला तुकोबांची पालखी पंढरपूरला जाते, त्या वाटेवरच्या घरांत भज्यांचा विचारही करणे शक्य नव्हते. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो, शेंगदाणे भाजून, सोलून त्यांचे कूट करावे लागते आणि बटाटे उकडावे लागतात. म्हणजे ‘सोप्या’ वड्यांची तयारी खेळाडूंच्या सरावाआधीच सुरू झालेली असते. तीन वाजताचा सामना पावसामुळे पाच वाजता सुरू झाला, आणि एकादशी अन् दुप्पट खाशी या न्यायाने पहिला चेंडू पडण्यापूर्वीच वडे संपल्याने वरईच्या भाताची व दाण्याच्या आमटीची मागणी पुढे आली, जी आणखी सोपी असल्याचे सांगण्यात आले.

शफाली वर्माच्या ८७ धावांना आणि दीप्ती शर्माच्या पाच बळींना सोप्यातून भरघोस दाद मिळाली, आणि बायका काय खेळतात, असे कौतुक वारंवार झाले. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीत कौरने मागे धावत शेवटचा झेल घेतला तेव्हा आतून एक बाई ओले हात पुसत दारापर्यंत आली. तो झेल तिला पडद्यावर दुसऱ्यांदा दाखवला गेला तेव्हाच दिसला, आणि तो पुरता दाखवून होण्याआधी कोणीतरी चहाचे विचारले.